विचारा, सांगते : किलो राहू द्या, कंबर सांगा

मागच्या अंकात वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांवर चार ओळी लिहिल्या आणि या महिन्यात टपाल त्याच विषयाचं आलं. खानापूर, निपाणी, वडगाव, हिंडलगा, बेळगाव भागात सगळीकडून. प्रत्येकानं आपलं वजन कळवलंय, काहींनी तर ग्रॅमपर्यंत. कंबर मात्र कुणीच कळवली नाही. यापुढे पत्र लिहिताना शिंप्याची टेप बेंबीच्या रेषेत धरून, पोट आत न ओढता मोजा आणि तो आकडा आधी लिहा. पुरुषांची 90 सेंटिमीटरच्या वर आणि बायकांची 80 च्या वर असेल, तर वजन काहीही असो, माझं लक्ष तिकडे जाईल.

प्रश्न : आमचे हे प्राथमिक शाळेत शिक्षक. वय 47, उंची साडेपाच फूट, वजन 78. साखर निघून पाच वर्षं झाली. ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची गोळी दोन वेळा घेतात. तीन महिन्यांची साखर 8.2 आली. पुण्याचा भाचा आठवड्याला एक इंजेक्शन घेऊन पार बारीक झालाय. तो म्हणायलाय, मामांना पण सुरू करा. खरं आमचे डॉक्टर थांबा म्हणतात. पैशाचंही बघायला लागतंय. काय करू? – एक गृहिणी, खानापूर तालुका

उत्तर : ताई, भाचा खोटं बोलत नाही. ही औषधं काम करतात. आणि हे मी सहजासहजी कबूल करणारी बाई नाही. मी आयुष्यभर मेडिकल कॉलेजात फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधशास्त्र, शिकवलं. बारीक करणारं औषध गाजावाजात येतं आणि तोंड लपवून जातं, हे वर्गात सांगून सांगून घसा बसला होता. फेनफ्लुरामिन 1997 मध्ये गेलं, हृदयाच्या झडपा खराब करत होतं. रिमोनाबँट आपल्याकडेही विकलं गेलं. माणसं नैराश्यात जायला लागली म्हणून ते युरोपात 2008 मध्ये थांबलं. सिब्युट्रामिनवर भारतात 2011 मध्ये बंदी आली, कारण हृदयविकार आणि पक्षाघात. म्हणून नवी इंजेक्शनं आली तेव्हा मी किलोंकडे बघितलंच नाही. माझं मत बदललं ते 2023 च्या एका अभ्यासानं. हृदयविकार असलेली, वजन जास्त पण मधुमेह नसलेली 17,604 माणसं घेतली. सेमाग्लूटाइड, म्हणजे या नव्या इंजेक्शनांतलं एक, घेणाऱ्यांत हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकारानं मृत्यू हे सगळं मिळून 20 टक्क्यांनी कमी झालं. आधीच्या कुठल्याही ‘स्लिमिंग’ औषधानं हे करून दाखवलं नव्हतं.

ही कल्पना आली कुठून, तेही सांगते, कारण मला ती गोष्ट आवडते. जेवण पोटात गेलं की आतड्यातून जीएलपी-1 नावाचं संप्रेरक सुटतं. ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला सांगतं, जठर सावकाश रिकामं करतं आणि मेंदूला ‘पुरे’ म्हणतं. अडचण एवढीच की रक्तात ते दोनच मिनिटं टिकतं. 1992 मध्ये जॉन एंग या अमेरिकी डॉक्टरांना गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या विषात तसंच, पण जास्त टिकणारं रसायन सापडलं. त्यावरून 2005 मध्ये पहिलं औषध आलं, दिवसातून दोनदा टोचायचं. पुढे रेणूला चरबीची शेपटी जोडली. तो रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहतो, त्यामुळे आता आठवड्याला एक सुई पुरते.

आता तुमच्या घरचा हिशोब. भाच्याला साखर नाही, मामांना आहे. सेमाग्लूटाइडच्या गाजलेल्या पहिल्या चाचणीत मधुमेह नसलेले लोक होते, सरासरी वजन 105 किलो. 68 आठवड्यांत त्यांचं 14.9 टक्के वजन उतरलं. तेच औषध मधुमेह असलेल्यांना दिलं तेव्हा 9.6 टक्के. म्हणजे 78 किलोच्या माणसानं साधारण साडेसात किलोंची आशा धरावी. भाच्याचा आकडा मामांना लावू नका. नाहीतर चार महिन्यांनी ‘मला लागू पडेना’ म्हणून सोडून देतील, आणि साखर मात्र तोवर खरोखर सुधारलेली असेल.

सोडलं तर काय, हा तुम्ही न विचारलेला प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्याच पहिल्या चाचणीतल्या काही लोकांचं औषध थांबवून वर्षभर पाहिलं. उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं. रक्तदाब आणि रक्तातल्या चरबीत झालेली सुधारणाही बरीचशी मागे फिरली. यात माणसाचा आळस नाही. शरीर गमावलेलं वजन परत मिळवायला धडपडतं, भूक वाढवतं. म्हणून हे सहा महिन्यांचा कोर्स म्हणून घेऊ नये. बीपीच्या गोळीसारखं वर्षानुवर्षं चालवायची तयारी असेल तरच सुरू करावं, आणि म्हणून पैशाचा प्रश्न आधी. टिर्झेपॅटाइड हे असंच आठवड्याचं दुसरं इंजेक्शन. ते मार्च 2025 मध्ये भारतात आलं तेव्हा आठवड्याची एक बाटली लहान डोसला 3,500 आणि पुढच्या डोसला 4,375 रुपये होती. महिन्याला चार. शिक्षकाच्या पगारात घर, मुलांची फी आणि हे, तीनही बसत नाही. सेमाग्लूटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मात्र मार्च 2026 ची. पेटंट संपल्यावर काय होतं ते आपण एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळीच्या बाबतीत पाहिलंय. मार्च 2025 मध्ये मुदत संपली आणि साठ रुपयांच्या आसपासची गोळी देशी कंपन्यांनी दहाच्या आत आणली. इंजेक्शन इतकं खाली येईलच असं नाही, कारण टोचायचं पेन आणि औषध शेवटपर्यंत थंड ठेवून पोचवणं यांचा खर्च वेगळा. पण दिशा तीच.

तुमचे डॉक्टर थांबा म्हणतात, तर त्यांना नम्रपणे विचारा, कशासाठी थांबायचं? पैशासाठी म्हणत असतील तर बरोबर. डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायचा आहे म्हणून म्हणत असतील तर फारच बरोबर, कारण जुना पडद्याचा विकार असेल आणि साखर झपाट्यानं उतरली तर तो बळावू शकतो. सुरू करायचं ठरलं, तर ग्लिमेपिराइडचा डोस त्यांच्याकडूनच कमी करून घ्या. दोन्ही मिळून साखर एकदम खाली जाऊ शकते. रक्ताच्या नात्यात मेड्युलरी प्रकारचा थायरॉइड कॅन्सर कुणाला झाला असेल तर हे औषध नाहीच. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठ हे पहिल्या आठवड्यांत ठरलेले पाहुणे. पोटात असह्य कळ येऊन पाठीकडे गेली तर घरी लिंबूसरबत करत न बसता दवाखाना गाठायचा. स्वादुपिंडाला सूज असू शकते.

आणि एक वाट आणखी आहे. ब्रिटनमध्ये प्रोफेसर रॉय टेलर आणि सहकाऱ्यांनी सहा वर्षांच्या आतला मधुमेह असलेल्या लोकांना तीन ते पाच महिने दिवसाला साडेआठशेच्या आसपास कॅलरींवर ठेवलं, मग हळूहळू नेहमीच्या जेवणावर आणलं. वर्षअखेर 46 टक्के लोकांची साखर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली राहिली. दोन वर्षांनी 36 टक्के. गुरुजींना पाचच वर्षं झालीत, म्हणजे ते या दारातून अजून आत जाऊ शकतात. पण गोळी चालू ठेवून घरच्या घरी उपास करायचा नाही. आधी डॉक्टरांशी बोला. ग्लिमेपिराइडवर उपाशी राहिलेली माणसं मी अर्धवट शुद्धीत आणलेली पाहिलीत.

प्रश्न : मी मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. वय 58, उंची पाच फूट सात इंच, वजन 71. सोनोग्राफीत ग्रेड 2 फॅटी लिव्हर आलंय. मी माळकरी आहे, आयुष्यात थेंब घेतला नाही. रिपोर्ट बघून जावई हसला, ‘मामा, कँटीनचा कोटा कुठं जात होता ते कळलं!’ मनाला लागलं. अमेरिकेत लिव्हरची नवी गोळी निघाली म्हणे. आपल्याकडे मिळेल काय? – एक वाचक, हिंडलगा

उत्तर : सुभेदारसाहेब, हा अंक जावयाच्या हातात ठेवा आणि पुढचं त्यालाच मोठ्यानं वाचायला लावा. या आजाराचं जुनं नावच ‘दारू न पिणाऱ्यांचं फॅटी लिव्हर’ होतं. जून 2023 मध्ये जगभरच्या यकृततज्ज्ञांनी ते बदलून एमएएसएलडी केलं. त्याचा अर्थ, चयापचय बिघडल्यामुळे लिव्हरमध्ये साठलेली चरबी. कारण बाटलीत नाही, पोटाच्या घेरात आहे. तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय की पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली. माझ्या दृष्टीनं तुमच्या पत्रातला तोच खरा तपासणी अहवाल.

71 किलो म्हणजे कागदावर तुम्ही लठ्ठ नाहीच. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, साडेचोविसाच्या पुढेमागे. आपल्या लोकांसाठी लठ्ठपणाची रेषा 25 वर आहे. पण आपल्या हाडापेराचा एक धडा पुण्यातच लिहिला गेलाय. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2. दिसायला सारखे, आत दुपटीहून जास्त फरक. आपल्याकडे कातडीखालची कणगी लहान. ती भरली की उरलेलं धान्य माजघरात, म्हणजे लिव्हरमध्ये आणि आतड्यांभोवती, रचलं जातं. म्हणून सडपातळ हातापायांचा माणूस पोट सुटून साखर, ट्रायग्लिसराइड आणि फॅटी लिव्हर घेऊन येतो. माझ्या ओपीडीत उद्यमबागच्या फाउंड्रीतले कामगार असेच येतात आणि सगळ्यांचं एकच म्हणणं, ‘बाई, मी कुठं जाड आहे?’

सोनोग्राफीच्या ‘ग्रेड 2’ला मात्र इतकं घाबरू नका. तो चरबीचा अंदाज आहे. लिव्हरमध्ये व्रण, म्हणजे फायब्रोसिस, किती हे त्यातून कळत नाही, आणि पुढचं सगळं भवितव्य व्रणांवर ठरतं. त्यासाठी आधी स्वस्त हिशोब करायचा. तुमचं वय, लिव्हरच्या तपासणीतले एएसटी आणि एएलटी, आणि प्लेटलेट या चार आकड्यांवरून एफआयबी-4 नावाचा आकडा काढतात. रक्ताच्या दोन साध्या तपासण्यांत सगळं येतं. उत्तर 1.3 च्या खाली आलं तर गंभीर व्रणांची शक्यता फार कमी. वर आलं तर फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते बाहेरूनच मोजणारी तपासणी, करून घ्यायचा. तो करणारी यंत्रं आता मोठ्या हॉस्पिटलांत असतात, पोट फाडायचं काही काम नाही.

आता ती गोळी. नाव रेस्मेटिरोम. मार्च 2024 मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, या आजारावरची तिथली पहिलीच. त्याआधी या रस्त्यावर बरीच औषधं आडवी झाली होती. ओबेटिकोलिक ॲसिडला तर अमेरिकी औषध प्रशासनानं 2020 मध्ये आणि परत 2023 मध्ये नाही म्हटलं. रेस्मेटिरोम लिव्हरमधल्या थायरॉइड संप्रेरकाच्या एका विशिष्ट खुंटीवर काम करतं आणि चरबी जाळायला लावतं. हृदयावर थायरॉइडचा जो मारा होतो तो टळतो. 966 लोकांच्या चाचणीत वर्षभरानं मोठ्या डोसला 29.9 टक्के लोकांची लिव्हरची दाहक सूज गेली, नुसती बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांत 9.7 टक्के. चांगलं आहे, चमत्कार नाही. दहातल्या सातांना तो फायदा झाला नाही, हे मथळ्यात कुणी छापत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये तिथे सेमाग्लूटाइडलाही याच आजारासाठी परवानगी मिळाली. त्या अभ्यासात 72 आठवड्यांनी 62.9 टक्के लोकांची सूज गेली, आणि बघा हं, औषध नसलेली सुई घेणाऱ्यांतही 34.3 टक्के लोकांची गेली! चाचणीत नाव घातलं, कुणी दर भेटीला वजन करायला लागलं, खाण्यापिण्याचं विचारायला लागलं, की लिव्हर आपलं आपणही सावरतं.

ही दोन्ही औषधं मधल्या ते पुढच्या टप्प्यातल्या व्रणांसाठी आहेत. तुमचा एफआयबी-4 खाली आला तर गोळी अमेरिकेहून आणली तरी तुम्हाला ती कुणी शहाणा डॉक्टर देणार नाही. आपल्याकडे अहमदाबादच्या झायडस कंपनीचं सॅरोग्लिटाझार आहे. 2013 पासून मधुमेहींच्या रक्तातल्या चरबीसाठी, आणि 2020 पासून भारतात फॅटी लिव्हरच्या या प्रकारासाठी परवानगी आहे. ट्रायग्लिसराइड चढलेलं असेल तर विचार करावा. पण त्यामागचे लिव्हरचे अभ्यास लहान आणि कमी मुदतीचे आहेत, म्हणून मी पहिल्या भेटीत ते लिहीत नाही.

पहिल्या भेटीत मी हे लिहिते : पाच किलो. तुमच्या वजनाचे सात टक्के. सात ते दहा टक्के वजन उतरलं की सूजही जायला लागते, दहाच्या पुढे व्रणही विरतात असं अभ्यास सांगतात. रोजचं गोड बंद, कुंदा पाहुण्यांच्या ताटात राहू दे. उसाचा रस आणि बाटलीतली थंड पेयंही बंद. महिन्याच्या दोन्ही एकादश्यांना साबुदाणा, तळलेली रताळी, वरीचं तूपभात असा बेत होत असेल तर ‘एकादशी दुप्पट खाशी’ म्हणणारे आपल्यालाच बघून म्हणत होते असं समजा. ज्वारीची एक भाकरी, पातीची भाजी, ताक, वाटीभर उसळ. आणि जोर-बैठका. त्या कशा काढायच्या हे मी सुभेदाराला शिकवावं एवढी माझी पात्रता नाही.

प्रश्न : बाई, सुईची भीती वाटते. गोळी येणार आहे म्हणतात, कधी? आणि तीन संप्रेरकांचं इंजेक्शन म्हणजे काय? – एक वाचक, शहापूर

उत्तर : सेमाग्लूटाइडची गोळी 2019 पासून आहे, भारतातही मिळते. पण उठल्याबरोबर उपाशीपोटी, अर्धा कप पाण्याबरोबर घेऊन पुढे अर्धा तास काही नाही. चहाशिवाय अर्धा तास! शहापुरात हे जमणारं माणूस मला अजून भेटायचंय. ऑरफोरग्लिप्रॉन नावाच्या दुसऱ्या गोळीला ही अट नाही. तिच्या 2025 च्या मोठ्या चाचणीत सर्वांत मोठ्या डोसला 72 आठवड्यांत 12.4 टक्के वजन उतरलं. तीन संप्रेरकांचं काम एकटं करणारं इंजेक्शन म्हणजे रेटाट्रुटाइड. 2023 मध्ये 48 आठवड्यांत 24.2 टक्क्यांचा निकाल आला आणि जग वेडं झालं. मी अजून हृदयाचे आणि लिव्हरचे मोठे निकाल बघायच्या वाटेवर आहे. नेटवर ‘रिसर्च पावडर’ म्हणून कुप्या विकतात त्यांच्याकडे फिरकूही नका. आत काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

प्रश्न : माझं वय 24, उंची पाच फूट तीन, वजन 58. मे महिन्यात लग्न आहे. तीन महिन्यांसाठी इंजेक्शन घेतलं तर चालेल का? ब्यूटी पार्लरवाल्या ताई मिळवून देते म्हणाल्या. – निपाणी

उत्तर : नाही गं. तुला आजारच नाही. हे औषध लठ्ठपणाच्या आजारासाठी आहे, शालू नेसायच्या मापासाठी नाही. तीन महिन्यांत पोटातली मळमळ आणि दंडाचे स्नायू एवढंच हाती लागेल, कारण उतरणाऱ्या वजनात स्नायूंचा वाटा चांगला मोठा असतो. शिवाय लग्नानंतर लगेच दिवस राहिले तर? सेमाग्लूटाइड गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी थांबवायचं असतं. टिर्झेपॅटाइडमुळे तर पोटातून घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही उणावतो. हे सगळं पार्लरमध्ये कोण सांगणार होतं? आणि जे औषध फ्रिजमधून, बिलासह, बॅच नंबरसह येत नाही ते अंगात घ्यायचंच नाही. ब्लाऊज थोडा सैल शिव.

प्रश्न : आमचं वडगावात मागाचं काम. आईचं वय 52, वजन 84, साखर आणि बीपी दोन्ही. दवाखान्यात तिला नव्या औषधाच्या अभ्यासात भाग घ्या म्हणून विचारलंय. वडील म्हणायलेत, आमच्यावर प्रयोग करायलेत, पाठवायचं नाही. खरं औषध फुकट मिळणार. तिला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही, आणि फॉर्म कन्नडमध्ये आहे. काय करावं? – एक मुलगा, वडगाव

उत्तर : बाळ, वडिलांचा संशय मला चुकीचा वाटत नाही, फक्त त्याची दिशा बदलायची. ‘प्रयोग करतात का’ हे न विचारता ‘कोणत्या नियमानं करतात’ हे विचारायचं.

आधी एक गोष्ट ऐक. आपल्याच गावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजनं गर्भवती बायकांवरच्या एका मोठ्या अभ्यासात भाग घेतला होता. सहा देश, पहिलटकरणी जवळपास बारा हजार, आणि औषध म्हणजे रोज 81 मिलिग्रॅमची ॲस्पिरिन. 2020 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला, दिवस भरण्याआधी होणारी बाळंतपणं 11 टक्क्यांनी घटली. बेळगावच्या आसपासच्या बायका त्यात नसत्या तर हा निकाल आपल्या पोरींना लागू आहे की नाही, ते सांगता आलं नसतं. लठ्ठपणाच्या औषधांचंही तेच. 105 किलोच्या परदेशी माणसांवरचा आकडा बारीक अंगाच्या, मोठ्या पोटाच्या आपल्या माणसाला किती लागू होतो, हे आपली माणसं अभ्यासात असल्याशिवाय कळणार कसं?

आता नियम. 2019 च्या नव्या औषध व चाचणी नियमांप्रमाणे संमतीचा कागद भाग घेणाऱ्याला समजेल अशा भाषेत असला पाहिजे. तेव्हा मराठी कागद मागायचा. तो उपकार नाही, तिचा हक्क आहे. मिळेपर्यंत अंगठा किंवा सही करायची नाही. सही झाल्यावर एक प्रत घरी आणायची. अभ्यासामुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि नियमानं भरपाई. मधेच सोडायचं झालं तर कारण न देता सोडता येतं, आणि त्यावरून नेहमीचे उपचार अडवता येत नाहीत. भारतातली प्रत्येक औषधचाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंदवावी लागते, 2009 पासून ते सक्तीचं आहे. नोंदणी क्रमांक विचार आणि तुझ्या मोबाइलवरच बघ, कोणती कंपनी, किती माणसं, किती महिने. अभ्यासावर नजर ठेवणाऱ्या एथिक्स कमिटीचा फोन नंबर कागदावर असतो. तो खरंच लागतो का, एकदा लावून पाहा.

‘औषध फुकट’ या शब्दाला एक काटा आहे. आईच्या वाट्याला खरं औषध येईल की नुसती सुई, हे बहुतेक अभ्यासांत चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं. ते तिला कळणार नाही आणि डॉक्टरांनाही नाही. नुसती सुई आली तरी तिच्या बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या चालू राहणार आहेत का, हे आधी लेखी बघ. माग कोण चालवणार, दर भेटीला रोजगार बुडाल्याचं आणि रिक्षाचं भाडं कोण देणार, तेही विचार. बहुतेक ठिकाणी त्याची तरतूद असते, पण न विचारणाऱ्याला कुणी आठवण करून देत नाही. शेवटचा प्रश्न वडिलांना विचारू दे. औषध लागू पडलं आणि अभ्यास संपला, तर पुढे ते हिला मिळणार का, किती दिवस, कोणाच्या खर्चानं? उत्तर तोंडी आलं तर हसून म्हणायचं, ‘साहेब, एवढं कागदावर लिहून द्या.’